वसंताची प्रश्नमंजुषा: आधी उत्तर, मग पुरावा, शेवटी प्रश्न

पाडव्याचा कार्यक्रम, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, शाळेतला निसर्ग मंडळाचा दिवस, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा मेळावा. अशा ठिकाणी झाडं, फुलं, खाणं, पक्षी आणि शब्द या विषयांवर प्रश्नमंजुषा ठेवायची म्हटली की सगळ्यांना ते सोपं काम वाटतं. विषय घरचा आहे, मग वेगळा अभ्यास कशाला? अडचण नेमकी इथेच येते. घरच्या विषयात प्रत्येकाकडे स्वतःचं उत्तर असतं आणि बऱ्याचदा तेही बरोबर असतं. निवेदकाच्या कागदावर मात्र एकच उत्तर लिहिलेलं असतं.

यातले बहुतेक वाद एका सवयीतून येतात. आपण आधी प्रश्न जमवतो आणि उत्तर नंतर शोधतो. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांमधून प्रश्न उचलले जातात आणि सोबतचं उत्तर कोणी तपासत नाही. पुढची पद्धत या क्रमाच्या उलट आहे. आधी उत्तर, मग त्याचा पुरावा, मग चालू शकणारी इतर उत्तरं आणि अगदी शेवटी प्रश्न. वेळ थोडा जास्त लागतो, म्हणून कार्यक्रमाच्या किमान दोन आठवडे आधी कामाला लागा.

## तयारी: वही, चार रकाने आणि दोन माणसं

वहीच्या पानावर चार रकाने आखा: उत्तर, पुरावा, चालणारी इतर उत्तरं, प्रश्न. प्रश्नाचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवा आणि पहिले तीन भरेपर्यंत कोराच राहू द्या.

पाच फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत सहा प्रश्न, असे तीस प्रश्न तासाभराच्या कार्यक्रमाला पुरतात. तयार मात्र पंचेचाळीस करा. तपासणीत काही गळतील, काही कार्यक्रमात बाद होतील.

प्रश्न काढणारा एक आणि तपासणारा दुसरा, अशी विभागणी हवी. एकट्याने दोन्ही कामं केली तर डोळा सरावतो आणि चूक दिसेनाशी होते. शक्य असेल तर तपासणारी व्यक्ती वेगळ्या भागातली निवडा. प्रश्न काढणारी पुण्याची असेल, तर तपासायला विदर्भातलं किंवा कोकणातलं कोणी तरी घ्या. याचा उपयोग टप्पा ५ मध्ये कळेल.

## टप्पा १: 'वसंत' म्हणजे नक्की कोणता काळ, ते आधी ठरवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि मग पहिल्या फेरीतच अडकतात. वसंत मोजण्याच्या निदान तीन रीती आहेत.

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख म्हणजे वसंत. ही व्याख्या घेतली तर फाल्गुन पौर्णिमेची होळी शिशिरात जाते आणि रंगपंचमीही शिशिरातच. वसंत पंचमीचं तर नावच वसंताचं आहे, पण ती माघ शुद्ध पंचमीला येते, म्हणजे तीही शिशिरात. 'वसंत ऋतूत येणारे तीन सण सांगा' असा प्रश्न टाकला की कोणी होळी म्हणणार आणि कोणी तिच्यावर हरकत घेणार, हे ठरलेलंच.

खगोलशास्त्राप्रमाणे सुरुवात वसंत संपातापासून होते. आपल्याकडे तो २० किंवा २१ मार्चला येतो. हवामान खात्याच्या वर्गीकरणात मार्च ते मे हा मान्सूनपूर्व काळ आहे, त्यात वसंत नावाचा वेगळा ऋतूच नाही.

झाडांचं वेळापत्रक आणखी निराळं. पळस, पांगारा आणि काटेसावर यांचा बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे पंचांगातला वसंत लागण्याआधीच सुरू झालेला असतो. बहावा आणि ताम्हण एप्रिल-मेमध्ये फुलतात. म्हणून 'वसंतात फुलणारं झाड कोणतं' असं मोघम विचारण्यापेक्षा 'पानगळ झाल्यावर निष्पर्ण फांद्यांवर फुलणारं, शेंदरी-केशरी फुलांचं आणि तीन पर्णिकांच्या पानांचं झाड' असं वर्णन करून पळस विचारा. ऋतूचा वाद मिटतो आणि प्रश्नही जास्त चांगला होतो.

महिन्यांच्या बाबतीत दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

पहिली: महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात बऱ्याच ठिकाणी पौर्णिमेला. त्यामुळे आपली रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला असते आणि तोच दिवस तिकडे चैत्र कृष्ण पंचमी म्हणून मोजला जातो. सोसायटीत उत्तरेकडची कुटुंबं असतील तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतील.

दुसरी: भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून वापरात आली. तिचा १ चैत्र २२ मार्चला असतो, लीप वर्षी २१ मार्चला. पाडव्याचा चैत्र चंद्रावर चालतो. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला होता आणि राष्ट्रीय चैत्र २२ मार्चला सुरू झाला. 'चैत्राचा पहिला दिवस कोणता?' या प्रश्नाला म्हणूनच दोन खरी उत्तरं आहेत.

तपासा: कार्यक्रमाच्या सुरुवातीला एका वाक्यात सांगता येईल अशी व्याख्या वहीत लिहिली आहे का? उदाहरणार्थ, 'आज वसंत म्हणजे पंचांगातला चैत्र-वैशाख.' सिडनी, मेलबर्न किंवा ऑकलंडच्या मंडळात कार्यक्रम असेल तर हे वाक्य दुप्पट महत्त्वाचं. तिथे वसंत सप्टेंबरपासून असतो आणि पाडवा येतो तेव्हा पानगळीचा काळ चालू असतो.

सावधान: 'वसंत संपाताला दिवस आणि रात्र अगदी समान असतात' हे वाक्य शाळेपासून पाठ असतं, पण घड्याळ लावलं तर त्या दिवशी दिवस काही मिनिटांनी मोठा निघतो. सूर्योदय बिंबाच्या वरच्या कडेवरून मोजतात आणि वातावरणामुळे प्रकाश वाकतो, म्हणून सूर्य थोडा आधी दिसतो आणि थोडा उशिरा मावळतो. 'अगदी समान' ऐवजी 'जवळजवळ समान' लिहा.

## टप्पा २: उत्तरं जमवा, प्रश्नाचा विचारही करू नका

आता पहिला रकाना भरायचा. उत्तर म्हणजे एक छोटं, ठाम वाक्य. स्वयंपाकघरातून सुरुवात करा, तिथे खजिना आहे.

आपण वनस्पतीचा कोणता भाग खातो, या एकाच धाग्यावर पूर्ण फेरी उभी राहते. बटाटा हे जमिनीतलं खोड, रताळं मात्र मूळ. आलं आणि हळदसुद्धा खोडंच. कांद्याचे थर म्हणजे पानांचे मांसल झालेले तळ. लवंग ही न उमललेली कळी, दालचिनी साल, केशर म्हणजे फुलातल्या स्त्रीकेसराची टोकं. जायपत्री हे जायफळाच्या बीभोवतीचं जाळीदार आवरण, म्हणजे दोन्ही मसाले एकाच फळातले. भुईमुगाचं फूल जमिनीच्या वर येतं, फलधारणा झाल्यावर त्याचा दांडा खाली वाकून मातीत शिरतो आणि शेंग तिथे भरते.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल माझ्या दृष्टीने या यादीतलं सर्वात सुंदर उत्तर आहे. नावात फूल आहे, पण ते फूल नाही आणि नेहमीच्या अर्थाने वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून तयार झालेला तो शैवाक आहे, खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारा. वर्षानुवर्षं मसाला भाजणाऱ्या माणसालाही हे ऐकून नवल वाटतं, आणि अशा प्रश्नमंजुषेत लोकांना हवं असतं ते हेच.

शब्दांसाठी कोशात शिरण्याआधी शेतात आणि परसात बघा. आंब्याला मोहोर येतो, उसाला तुरा, ज्वारीला कणीस, कपाशीला बोंड, हरभऱ्याला घाटे. फणसाच्या बीला आठळी म्हणतात, चिंचेच्या बीला चिंचोका, चिंचेच्या कोवळ्या पाल्याला चिगूर. मुलांच्या गटाला हे शब्द बहुधा येत नाहीत आणि आजीला सगळे येतात. गट मिश्र वयाचे करा, म्हणजे या फेरीत घरातली मोठी माणसं पुढे येतात.

## टप्पा ३: प्रत्येक उत्तराला पुरावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक उत्तर दोन वेगळ्या ठिकाणी पडताळायचं: विश्वकोश, शब्दकोश, वनस्पतिशास्त्राचं पाठ्यपुस्तक, पंचांग, सरकारी परिपत्रक. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो, सुरुवात तिथून करा. एकमेकांवरून उतरवलेली दोन संकेतस्थळं म्हणजे दोन पुरावे नव्हेत. जिथे वाक्यं शब्दशः सारखी दिसतील तिथे तो एकच पुरावा समजा.

फसवी उत्तरं साधारण चार जातींची असतात.

ऐकीव उत्तरं. 'वसंतात कोकिळा गाते' हे इतकं रुळलंय की कोणी तपासत नाही. कुहू कुहू करतो तो नर कोकिळ, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज किक-किक असा तीक्ष्ण. अंडी ती बहुतेक कावळ्याच्या घरट्यात घालते. 'गाणारा पक्षी कोणता' एवढ्यावर न थांबता 'नर की मादी' हे विचारलं तर प्रश्नाला वजन येतं. तसंच पावशा आणि चातक हे दोन वेगळे पक्षी आहेत. 'पेरते व्हा' असं ज्याचं ओरडणं ऐकू येतं तो पावशा.

नावावरून काढलेली उत्तरं. सीताफळ आणि रामफळ ही नावं ऐकून ती फळं इथलीच असं वाटतं. दोन्ही उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली. देवळाच्या अंगणातला पांढरा चाफाही अमेरिकेकडचा, सोनचाफा मात्र आशियातलाच. पाडव्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. गुलमोहर मादागास्करचा. बोगनवेलीचं मूळ दक्षिण अमेरिकेत, आणि तिची रंगीत 'फुलं' म्हणजे खरं तर रंगीत पानं. फूल त्यांच्या मधोमध असतं, बारीक, पांढरट. बटाटा, मिरची, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, पपई, काजू, अननस, सगळे अमेरिका खंडातले. मिरी आणि वेलची मात्र आपल्या पश्चिम घाटातल्या. या माहितीवरून कोणाच्या परंपरेला उणं दाखवायचं नसतं. निवेदकाने उत्तर सांगताना सूर आनंदाचा ठेवावा.

तिरफळ आणि त्रिफळा यांचा घोळ तर दर वेळी होतो. तिरफळ हे बांगड्याच्या आमटीत पडणारं, जिभेला झिणझिण्या आणणारं एकाच झाडाचं फळ. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा या तिघांचं चूर्ण.

म्हणीतून आलेली उत्तरं. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण खरी, पण वनस्पतिशास्त्रात ती तीन पानं म्हणजे एका संयुक्त पानाच्या तीन पर्णिका. शास्त्र शिकलेला एखादा स्पर्धक 'एक' म्हणाला तर त्याला चूक म्हणता येत नाही. म्हण विचारायची असेल तर 'म्हणीप्रमाणे' हा शब्द प्रश्नात हवाच.

शिळी होणारी उत्तरं. 'सर्वात जास्त उत्पादन', 'सर्वात मोठं', 'एकूण किती' असे प्रश्न वर्षागणिक बदलतात. राज्याची मानचिन्हं घ्या. आंबा हा राज्यवृक्ष, ताम्हण राज्यफूल, हरियाल राज्यपक्षी आणि शेकरू राज्यप्राणी, ही चौकडी जुन्या पुस्तकांत मिळते. २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू ठरलं. २०२० मध्ये सफेद चिप्पी हे राज्य कांदळवन वृक्ष झालं आणि २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा. जुन्या यादीवरून 'महाराष्ट्राची मानचिन्हं किती?' विचारलं की घोटाळा झालाच. संख्या विचारू नका, नाव विचारा.

तपासा: आंबा राज्यवृक्ष आहे आणि भारताचं राष्ट्रीय फळही, राष्ट्रीय वृक्ष मात्र वड. तुमच्या वहीत 'राज्य' आणि 'राष्ट्रीय' या शब्दांची अदलाबदल झालेली नाही ना, हे दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या.

सावधान: ज्या उत्तराला दुसरा पुरावा मिळत नाही ते सोडून द्या, कितीही आवडलं तरी. म्हणूनच पंचेचाळीस उत्तरं हवीत.

## टप्पा ४: आता प्रश्न लिहा

उत्तर पक्कं झालं की प्रश्न असा लिहायचा की त्याच उत्तराकडे एकच वाट जाईल. इथे काही बिघडलेले प्रश्न आणि त्यांची दुरुस्ती देते. पद्धत त्यातून समजेल.

'काजूचं फळ कोणतं?' या प्रश्नाला बाजारातला माणूस बोंडू म्हणेल, वनस्पतिशास्त्र टरफलासकटच्या बीकडे बोट दाखवेल. दुरुस्ती: 'काजूचा मांसल बोंडू फुलाच्या कोणत्या भागापासून तयार होतो?' उत्तर: देठ.

'स्ट्रॉबेरी बेरी आहे का?' हो किंवा नाही असं उत्तर असलेला प्रश्न नाणेफेकीसारखा असतो, न येणाऱ्यालाही अर्धी संधी. दुरुस्ती: 'केळं, द्राक्ष आणि स्ट्रॉबेरी यांपैकी वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येत मृदुफळ कोणतं नाही?' उत्तर: स्ट्रॉबेरी. तिच्या अंगावरचे बारीक दाणे हीच तिची खरी फळं, आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ.

'साबुदाणा कोणत्या धान्यापासून बनतो?' प्रश्नातच चूक आहे. साबुदाणा धान्यापासून बनत नाही. आपल्याकडे मिळणारा बहुतेक साबुदाणा टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदापासून काढलेल्या पिठाचा असतो आणि त्याचा मोठा उद्योग तमिळनाडूत सेलमच्या आसपास आहे. दुरुस्ती: 'आपल्याकडचा साबुदाणा बहुतेक कोणत्या वनस्पतीच्या कंदापासून तयार होतो?'

'हापूसला हे नाव कोणी दिलं?' नाव दिल्याचा असा कुठलाही प्रसंग नोंदलेला नाही. दुरुस्ती: 'हापूस हे नाव कोणत्या पोर्तुगीज गव्हर्नरच्या नावाशी जोडलं जातं?' उत्तर: अफोन्सो द अल्बुकर्क, ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला. 'जोडलं जातं' हे दोन शब्द इथे प्रश्न वाचवतात. शब्दांच्या उगमाबद्दलच्या प्रश्नांना असा आधार जवळजवळ नेहमीच लागतो. बटाटा, पाव, काजू आणि अननस हे शब्द पोर्तुगीजांकडून आले याबद्दल कोशांत मतभेद नाहीत, ते सरळ विचारायला हरकत नाही.

लिहिताना तीन गोष्टी पाळा. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा, 'कोणतं आणि का' असं जोडू नका. नकारार्थी प्रश्न असेल तर 'नाही' हा शब्द वाक्याच्या शेवटी आणा आणि निवेदकाला त्यावर जोर द्यायला सांगा. पर्याय देत असाल तर ते एकाच जातीचे हवेत. तीन झाडं आणि एक वेल दिली तर वेल आपोआप उघडी पडते.

## टप्पा ५: 'चालणारी इतर उत्तरं' हा रकाना भरा

मराठी गावागणिक बदलते आणि खाण्यापिण्याच्या, झाडापेडांच्या शब्दांत ती सर्वात जास्त बदलते. हा रकाना रिकामा ठेवून कार्यक्रम घेणं म्हणजे एका भागातल्या माणसांना त्यांच्याच घरच्या शब्दासाठी चूक ठरवणं. मला प्रश्नमंजुषेतला हा सर्वात मोठा अन्याय वाटतो, आणि तो टाळायला दहा मिनिटं पुरतात.

आंब्याची कोय कोकणात बाठा. तांबड्या भोपळ्याला कुठे डांगर म्हणतात आणि विदर्भात कोहळं, तर इतरत्र कोहळा म्हणजे ज्याचा पेठा करतात तो पांढरा. घेवडा म्हटलं की दोन जिल्ह्यांतली दोन माणसं दोन वेगळ्या शेंगा डोळ्यांसमोर आणतात, म्हणून नुसतं नाव विचारू नका, शेंग दाखवा. कोकमाचं फळ कोकणात रातांबा आणि गोव्यात भिरंड, त्याची वाळवलेली साल आमसूल किंवा सोलं. ताम्हण म्हणजेच जारूळ. ब्लू मॉर्मनला राणी पाकोळी आणि नीलवंत अशी मराठी नावंही आहेत.

तपासा: यादी वेगळ्या भागातल्या दुसऱ्या व्यक्तीला द्या, उत्तरं झाकून. तिने प्रत्येक वस्तूला तिच्या घरचा शब्द लिहावा. जो शब्द तुमच्या वहीत नाही तो लगेच रकान्यात भरा. उत्तरं वाचणाऱ्या परीक्षकाच्या प्रतीत हा रकाना छापलेला हवा, निवेदकाच्या आठवणीत असून उपयोग नाही.

## टप्पा ६: फेऱ्या आणि वस्तू

पहिले दोन-तीन प्रश्न जवळजवळ सर्वांना येतील असे ठेवा: पन्ह्यातलं मुख्य फळ, आंबेडाळीतली डाळ. चैत्रगौर कोणत्या तिथीला बसते आणि कोणत्या तिथीला उठते, हा मधल्या पातळीचा प्रश्न. चैत्र शुद्ध तृतीयेला बसते, अक्षय तृतीयेला उठते. अवघड प्रश्न तिसऱ्या-चौथ्या फेरीत. शेवटची फेरी पुन्हा थोडी सोपी करा, म्हणजे मागे पडलेल्या गटालाही गुण मिळतील.

सगळे प्रश्न एकदा सलग वाचा. एका प्रश्नात दुसऱ्याचं उत्तर फुटत असेल तर एक काढून टाका. आधी 'दगडफूल हा शैवाक आहे' असं बोलून गेलात आणि पुढे 'शैवाक असलेला मसाला कोणता' विचारलंत, असं सहज घडतं.

एक फेरी हाताळण्याची ठेवा. वाट्यांमध्ये दगडफूल, जायपत्री, तिरफळ, नागकेशर, चक्रीफूल, आणि शेजारी आठळी, चिंचोका, कोय. मुलं या फेरीत सर्वात जास्त रमतात. प्रत्येक वाटीखाली क्रमांक चिकटवा आणि क्रमांक-उत्तराची यादी परीक्षकाकडे द्या. मांडताना वाट्यांची अदलाबदल होते, म्हणून फेरी सुरू होण्याआधी परीक्षकाने स्वतः एकदा जुळवून पाहावं.

सावधान: वस्तू फक्त बघायची आणि हुंगायची, तोंडात घालायची नाही, हे मुलांना आधीच सांगा. गुंजा दिसायला मोहक पण विषारी असतात. कण्हेर आणि धोतरा यांचा कोणताही भाग टेबलावर नको. कच्चा काजू टरफलासकट आणू नका, टरफलातल्या तेलाने कातडी पोळते. ओळख पटली नसेल असं कोणतंही पान, शेंग किंवा बी आणू नका. शेंगदाण्यासारख्या पदार्थांची ॲलर्जी कोणाला आहे का, हे पालकांना विचारून घ्या. फुलं लागतील तर झाडाखाली पडलेली वेचा. पळसाखाली सकाळी सडा असतो, फांदी मोडायचं कारण नाही.

## टप्पा ७: तालीम

कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधी, ज्यांनी प्रश्न पाहिलेले नाहीत अशा दोघा-तिघांना बसवा आणि सगळे प्रश्न मोठ्याने वाचा. कागदावर स्पष्ट वाटणारा प्रश्न कानाला वेगळा ऐकू येतो. 'तिरफळ' आणि 'त्रिफळा' तर माइकवर सारखेच वाटतात, म्हणून त्या प्रश्नात झाडाचं किंवा पदार्थाचं वर्णन जोडा.

तालमीत तीन खुणा करत जा. सर्वांना आलेला प्रश्न पहिल्या फेरीत. कोणालाच न आलेला प्रश्न बाद, कारण शांततेने कार्यक्रम पडतो. आणि ज्यावर कोणी 'पण हेही बरोबर आहे ना?' असं विचारलं, तो पुन्हा टप्पा ३ मध्ये. या तिसऱ्या खुणेचे प्रश्न तसेच पुढे ढकलू नका. तालमीत एकाने जी शंका काढली ती सभागृहात दहा जण काढतील.

## टप्पा ८: कार्यक्रमाच्या दिवशी

नियम सुरुवातीलाच, प्रश्नांच्या आधी सांगायचे: प्रश्न दोनदा वाचला जाईल, उत्तराला तीस सेकंद, गटाचा पहिला शब्द धरला जाईल, न आल्यास प्रश्न पुढच्या गटाकडे. आक्षेप घ्यायचा असेल तर पुढचा प्रश्न सुरू होण्याआधी. निर्णय परीक्षकाचा, निवेदकाचा नाही. ही दोन कामं एकाच माणसाकडे दिली की तो बोलता बोलता सवलती देत जातो आणि गुणांचा हिशेब बिघडतो.

आक्षेप आला तर परीक्षकाने वहीतला पुरावा बघावा. स्पर्धकाचं उत्तर इतर उत्तरांच्या रकान्यात असेल तर पूर्ण गुण द्या, अर्धे नाहीत. रकान्यात नसेल, पण खरं असण्याची शक्यता वाटत असेल, तर तो प्रश्न रद्द करून राखीव यादीतला नवा विचारा. मंचावर उभं राहून मोबाइलमध्ये शोधाशोध करू नका. पहिलं जे सापडेल ते बरोबरच असेल याची खात्री नसते, आणि सभागृह तोवर विस्कळीत होतं.

उत्तर जाहीर केल्यावर एक वाक्य कारण सांगा, एकच. 'लवंग ही कळी आहे, उमलण्याआधी खुडून वाळवतात' एवढं पुरे. लोक घरी नेतात ते हे वाक्य, गुण नव्हे.

बरोबरी झाली तर नवा माहितीचा प्रश्न टाकू नका, नशिबावर जातो. अंदाजाचा प्रश्न ठेवा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात ओटीला भिजवलेले हरभरे असतातच. त्यातले काचेच्या बरणीत भरा आणि विचारा, किती दाणे? दोघांनी स्वतंत्रपणे आधी मोजून ठेवा, आकडे जुळले तरच बरणी टेबलावर आणा. दोन्ही गटांनी आपला आकडा चिठ्ठीवर लिहून एकाच वेळी द्यायचा. तोंडी घेतला तर दुसरा गट पहिल्याच्या आकड्यात एक मिळवून सांगतो. जो जवळचा, तो जिंकला. दोघेही सारख्याच अंतरावर असतील तर बक्षीस वाटून द्या.